चर्चच्या दुकानातला सहा पौंडांचा कोट: पाचपैकी चार तारे

मी मूळची नगरची. सध्या इंग्लंडच्या उत्तरेला एका छोट्या गावात नर्स आहे. इथल्या चर्चचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, तिथून परवा लोकरीचा कोट घेतला. सहा पौंड.

कोटाची पाच बटणं तपकिरी, सहावं काळं. गल्ल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या असतील. म्हणाल्या, "जुळणारं सापडलं नाही, पण दोरा तपकिरीच लावलाय." बटण ओढून पाहिलं, तसूभरही हललं नाही.

पगार इथे कुणालाच नाही. आलेला कपडा इस्त्री झाल्याशिवाय हँगरवर चढत नाही. फाटकं-विटकं दुकानात लागतच नाही, ते चिंध्यांच्या व्यापाऱ्याला किलोवर जातं. आपल्याकडे 'गरिबांना द्या' म्हणून अंगावरून उतरलेलं तसंच गाठोड्यात कोंबतात, ते इथे चालायचं नाही. देणारा इथला करदाता असेल आणि त्याने गिफ्ट एडचा फॉर्म भरला असेल, तर त्याच्या वस्तूच्या विक्रीतल्या दर पौंडामागे सरकार चर्चला वर २५ पेन्स देतं. आजी हे प्रत्येकाला समजावून सांगतात, मागे रांग लागली तरी.

मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ही गरिबांसाठी काम करणारी ख्रिस्ती संस्था, तिचीही अशी दुकानं इकडे गावोगाव आहेत. नगरच्या माणसाला तिच्या तिथल्या बूथ हॉस्पिटलमुळे ते नाव नवं नाही. पण बूथ नवरा-बायकोने १८६५ साली लंडनच्या गरीब वस्तीत हे काम सुरू केलं, हे मला इथे येऊन कळलं.

आता तक्रारी. साडेतीनला शटर खाली, म्हणजे माझी ड्यूटी असली की गेलाच तो दिवस. कपडे घालून बघायला नुसता एक पडदा, तोही आखूड. एक तारा त्यातच गेला. शिवाय डांबरगोळ्यांचा वास. कोट दोन दिवस खिडकीत टांगून ठेवला होता.

कोट घेतला त्याच दिवशी आजी एक कपबशांचा सेट कागदात गुंडाळत होत्या. तीन आठवडे खपला नव्हता. आठ पौंड स्वतःच्या पाकिटातून गल्ल्यात टाकले आणि पिशवी उचलली. दुसऱ्या बाई हसून मला म्हणाल्या, "दिला पण हिनेच होता."

माझी आजी हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, परसातला भोपळा चर्चमध्ये न्यायची आणि लिलावात बोली चढवत स्वतःच परत घ्यायची. "घरचाच भोपळा, अन् बाजारापेक्षा दुप्पट भावानं!" आजोबा घर येईपर्यंत पुटपुटत असायचे. भोपळा त्यांच्याच खांद्यावर असायचा.