क्ष-किरण दुर्बिणीचे कॅलिब्रेशन: क्रॅब, लोह-५५ की छोटा उपग्रह?

अवकाशात गेलेली दुर्बीण तपासणीसाठी परत आणता येत नाही. तिचे आकडे पुढे कशावर पडताळायचे, हे मोहीम आखतानाच ठरवावे लागते.

सर्वांत स्वस्त पर्याय क्रॅब तेजोमेघ, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष; क्ष-किरणांत तो फार तेजस्वी आहे आणि त्याचे तेज स्थिर मानले जायचे. दुर्बीण तिकडे वळवली की झाले. पण २०११ मध्ये चार उपग्रहांच्या नोंदी जुळवल्यावर दिसले, की २००८ पासून दोन वर्षांत तो सुमारे ७ टक्क्यांनी मंदावला होता. शिवाय संवेदनशील कॅमेऱ्याला तो झेपत नाही. एका पिक्सेलवर दोन फोटॉन (किरणांचे कण) एकदम पडले की एकच जास्त ऊर्जेचा फोटॉन मोजला जातो.

दुर्बिणीतच बसवलेला लोह-५५चा (लोहाच्या किरणोत्सारी प्रकाराचा) स्रोत ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या ठरावीक ऊर्जेची ठळक रेषा देतो. अर्धायुष्य २.७ वर्षे, म्हणजे ११ वर्षांत सोळावा हिस्सा उरतो. खरी अडचण मात्र वेगळीच: हे किरण आरशांवरून येत नाहीत. आरसे किती किरण गोळा करतात, ते यातून कळत नाही.

छोटा उपग्रह हवा तो इथे. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिल्यात क्ष-किरण निर्माण करणारी नळी असते आणि तो दुर्बिणीसमोर राहतो. किती दूर? नासाच्या चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीचे नाभीय अंतर (आरशांपासून प्रतिमेपर्यंतचे) १० मीटर. स्रोत १०० किलोमीटरवर असेल तर प्रतिमा १ मिलिमीटर मागे पडते आणि डिटेक्टरवर ०.१२ मिलिमीटरचा, पाच पिक्सेलचा ठिपका उमटतो. १,००० किलोमीटरवर तो अर्ध्या पिक्सेलवर येतो, पण किरण शंभरपट विरळ होतात. आरशांची गोळा करण्याची क्षमताच मोजायची असेल तर १०० किलोमीटर चालतील. ठिपका पसरला तर उलट फोटॉनांची गर्दी टळते.

दुसऱ्यात नळी नसते. प्रयोगशाळेत नीट तपासलेला छोटा डिटेक्टर असतो आणि तो दुर्बिणीबरोबर एकाच वेळी एकच स्रोत बघतो. क्रॅब मंदावला तरी दोघांनाही मंदच दिसतो. २०१८ चा पोलारलाइट आणि २०२३ चा निंजासॅट या छोट्या क्ष-किरण उपग्रहांनी, दोघांनीही, क्रॅबचे निरीक्षण केले आहे. क्षेत्रफळ लहान असल्याने वेळ मात्र खूप लागतो.

फक्त ऊर्जेची मोजपट्टी तपासायची असेल तर लोह-५५ घ्या, उपग्रह नको. पृथ्वीजवळच्या कक्षेत मी दुसरा प्रकारच निवडेन. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या दोन यानांना एका रेषेत धरून ठेवण्यात इंधन संपते. नळीवाल्याचा विचार दुर्बीण एल२ बिंदूवर (पृथ्वीपासून सूर्याच्या विरुद्ध बाजूला सुमारे १५ लाख किलोमीटरवर) असेल तर जरूर करा. त्यात नळीशेजारी संदर्भ डिटेक्टर मात्र हवाच, कारण नळीही जुनी होत जाते.