होम सर्व्हिस की फोर्सेस प्रोग्रॅम?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बीबीसी रेडिओचा एकच दिवस अभ्यासायचा, तर कोणती वाहिनी घ्यावी, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं. १९४१ मधला दिवस धरू. तेव्हा ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी बीबीसीच्या दोन वाहिन्या होत्या: सर्वांसाठी होम सर्व्हिस आणि सैनिकांसाठी फोर्सेस प्रोग्रॅम.

बातम्यांसाठी होम सर्व्हिसच. रात्री नऊचं बातमीपत्र देशभर ऐकलं जाई. १९४० पासून निवेदक स्वतःचं नाव सांगू लागले, शत्रूचा तोतया आवाज ओळखू यावा म्हणून. मला हे फार मोलाचं वाटतं. सकाळी सव्वाआठला ‘किचन फ्रंट’: तुटपुंज्या रेशनात काय रांधायचं? कान देऊन ऐकण्याची गोष्ट.

फोर्सेस प्रोग्रॅम छावणीच्या गोंगाटासाठी. हलकं संगीत, विनोद, गायिका व्हेरा लिन. नागरिकही आवडीनं लावत. ‘ब्रेन्स ट्रस्ट’सारखी चर्चाही इथलीच.

घराघरातलं युद्ध समजून घ्यायचं असेल तर होम सर्व्हिस. विरंगुळा आणि मनोधैर्य हा विषय असेल तर फोर्सेस.