देशी बनावटीचा कम्पॅरिझन मायक्रोस्कोप: सूक्ष्म पुराव्यांच्या तपासणीसाठी कितपत योग्य?

न्यायसहायक विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रात्यक्षिकांसाठी आमच्या विभागाने देशी बनावटीचा एक कम्पॅरिझन मायक्रोस्कोप घेतला आहे. घटनास्थळी सापडलेला तंतू आणि संशयिताच्या कपड्यावरचा तंतू एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारीशेजारी दाखवणे हे या यंत्राचे काम. त्यासाठी दोन मायक्रोस्कोप ऑप्टिकल ब्रिजने, म्हणजे दोन्हींच्या प्रतिमा एकत्र आणणाऱ्या भागाने, जोडलेले असतात आणि पाहताना मधोमध एक बारीक विभाजनरेषा दिसते. १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदुकीच्या गोळ्यांवरील ओरखडे जुळवण्यासाठी ही रचना रूढ केली. केस आणि तंतूंच्या तपासणीतही ती तितकीच मोलाची ठरली.

अशा यंत्राची सारी किंमत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असण्यात आहे. म्हणून आम्ही दोन्ही स्टेजवर (नमुना ठेवायच्या मंचांवर) मायक्रोमीटरची स्लाइड ठेवून पाहिली. तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. १०x ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळच्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगावर) विभाजनरेषेपाशी रेषेला रेष मिळाली, पण ४०x वर उजवीकडच्या रेषा हळूहळू मागे पडत गेल्या, म्हणजे दोन्ही बाजू नमुना सारख्याच पटीने मोठा करत नव्हत्या. केसाच्या मेड्युलाची (मधल्या गाभ्याची) जाडी आणि केसाची एकूण जाडी यांचे गुणोत्तर काढताना या फरकाने काही बिघडत नाही. मात्र कृत्रिम तंतूंचा व्यास अनेकदा अवघा दहा-वीस मायक्रोमीटर असतो, तेव्हा तो दुर्लक्षून चालणार नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. एकाच लाल सुती दोऱ्याचे दोन तुकडे दोन बाजूंना ठेवले, तर कापसाच्या तंतूचा चपटा, पीळ पडलेला आकार दोन्हीकडे स्वच्छ दिसला, परंतु डावीकडचा तुकडा स्पष्टपणे गुलाबीसर वाटला, कारण दोन एलईडी दिव्यांच्या प्रकाशाची छटाच वेगळी होती. रंगावरून तंतू वगळायचे की पुढील तपासणीस पाठवायचे हे जिथे ठरते, तिथे असा दोष मुळीच खपवून घेता येत नाही. विक्रेत्याने जोडी जुळवलेले दिवे विनामूल्य बसवून दिले आणि हा फरक नाहीसा झाला.

पोलरायझरची (प्रकाशाची कंपने एकाच दिशेपुरती ठेवणाऱ्या गाळणीची) सोय मात्र अतिशय उत्तम आहे. दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात आणले की क्षेत्र काळेभोर होते, त्यात पॉलिएस्टरचा तंतू लखलखतो आणि काचेचा कण मात्र काळोखातच राहतो. विद्यार्थ्यांना हा भेद एकदा दाखवला की पुन्हा समजावावा लागत नाही. कॅमेरा कामापुरता आहे.

सोबतचे सॉफ्टवेअर दोन प्रतिमांमधील साम्याची टक्केवारी दाखवते. ती आम्ही कायमची बंद ठेवली आहे, कारण केस सारखे दिसले म्हणजे ते त्याच व्यक्तीचे असतात असे सूक्ष्मदर्शीय तपासणीतून सिद्ध होत नाही. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने केसांविषयीच्या आपल्या जुन्या साक्षींच्या आढाव्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर केले, तेव्हा तपासलेल्या साक्षींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साक्षींत शास्त्राच्या मर्यादेपलीकडची विधाने आढळली. न्यायालयात माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असताना पडद्यावरच्या आकड्याला असा मान मिळता कामा नये.

शिक्षणासाठी आणि प्राथमिक छाननीसाठी हे यंत्र मी निःसंकोच सुचवीन; प्रत्यक्ष खटल्यांच्या कामासाठी, ४०x ऑब्जेक्टिव्हची जोडी कारखान्यातून जुळवून दिल्याचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नाही. खरेदीपूर्वी विक्रेता यंत्र दाखवतो त्या वेळी स्वतःचा दोरा आणि दोन मायक्रोमीटर स्लाइड घेऊन जावे, आणि विक्रेत्याने आणलेल्या नमुन्यांवर विसंबू नये.