‘शापित हिस्सा’ आठ महिने वाचल्यानंतर : जॉर्ज बाताय यांचा अतिरेक आणि सार्वभौमत्व

फ्रेंच विचारवंत जॉर्ज बाताय यांच्या ‘ला पार मोदित’ म्हणजेच ‘शापित हिस्सा’ या ग्रंथाचा रॉबर्ट हर्ली यांनी केलेला इंग्रजी अनुवाद गेले आठ महिने माझ्या टेबलावर आहे. रोज पहाटे अर्धा तास वाचन आणि समासात पेन्सिलीने टिपण असा क्रम मी शक्यतो मोडू दिला नाही, आणि आता पुस्तकाबद्दल काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. कामवासनेच्या इतिहासाविषयीचा दुसरा आणि सार्वभौमत्वाविषयीचा तिसरा हे लेखकाच्या हयातीत ग्रंथरूपाने आलेच नाहीत. 1962 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर 1976 मध्ये समग्र साहित्याच्या आठव्या खंडात ते छापले गेले. त्यामुळे पहिल्या भागाची बांधणी घट्ट आहे आणि तिसरा भाग पुष्कळ ठिकाणी कच्च्या खर्ड्यासारखा वाटतो. तरीही माझी सर्वाधिक टिपणे तिसऱ्याच भागात आहेत.

सुरुवात मात्र माझी चुकली. पहिल्या भागाच्या प्रारंभीचे सैद्धांतिक प्रकरण मी सलग दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा अडलो. तेथील विचार थोडक्यात असा आहे : सूर्य काहीही परत न घेता ऊर्जा देत राहतो, सजीवांना जगण्यापुरती लागते त्याहून अधिक ऊर्जा मिळते, ती काही काळ वाढीसाठी वापरली जाते, आणि वाढीची मर्यादा आली की उरलेला भाग, म्हणजेच तो ‘शापित हिस्सा’, कोणत्या ना कोणत्या रूपाने खर्ची पडावाच लागतो, मग तो उत्सवात जावो वा युद्धात. एरवी अर्थशास्त्र टंचाईपासून सुरुवात करते; बाताय अतिरिक्तापासून करतात. दोन महायुद्धांकडेही ते याच दृष्टीने पाहतात. हे विधान अमूर्त पातळीवर वाचताना मला केवळ धाडसी वाटले, पटले नाही.

मग मी क्रम बदलला आणि मेक्सिकोतील प्राचीन अॅझ्टेक समाजावरील प्रकरण आधी घेतले. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मोपदेशक साहागून यांच्या नोंदींवर ते आधारलेले आहे. तेझ्कात्लिपोका या देवाचे रूप म्हणून निवडलेला बंदिवान तरुण वर्षभर सन्मानाने राहतो, हातात फुले घेऊन आणि बासरी वाजवत नगरात फिरतो, लोक त्याला वंदन करतात. आणि अखेरच्या दिवशी बळी जाण्यासाठी मंदिराच्या पायऱ्या चढताना तो वर्षभर वाजवलेल्या बासऱ्यांपैकी एकेक बासरी प्रत्येक पायरीवर मोडत जातो. या एका तपशिलाने मला सैद्धांतिक प्रकरण उलगडले. उपयोगाच्या जगातून एखादी गोष्ट कायमची बाहेर काढणे म्हणजे काय, हे त्या मोडलेल्या बासऱ्यांत दिसते. नवीन वाचकाने येथूनच आरंभ करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पॉटलॅचचे, म्हणजे चढाओढीने दान देण्याच्या समारंभाचे, प्रकरण त्याहूनही सखोल आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांच्या 1925 च्या दानविषयक निबंधाचा आधार घेऊन बाताय वायव्य अमेरिकेतील जमातींचे सरदार एकमेकांना दान देऊन, प्रसंगी मौल्यवान तांब्याचे पत्रे फोडून किंवा समुद्रात फेकून, प्रतिस्पर्ध्याला कसे नमवत ते मांडतात. (मोस यांच्या त्याच निबंधात महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचीही चर्चा आहे, म्हणून तो मराठी वाचकाला अगदीच परका वाटत नाही.) येथे बाताय स्वतःच्या सिद्धांतातील पेच झाकून ठेवत नाहीत. जो सर्वस्व उधळतो त्याला मान मिळतो, म्हणजे उधळपट्टीतूनही कमाई होतेच. जे निरुपयोगी ठरवले तेच पुन्हा उपयोगी पडते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

सार्वभौमत्व म्हटले की फ्रेंच राजकीय विचारवंत झाँ बोदँ यांनी 1576 मध्ये मांडलेली राज्यसत्तेची सर्वोच्च शक्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. बाताय यांना ती अभिप्रेत नाही. उद्याच्या फायद्यासाठी आजचा क्षण खर्च न करणे, क्षणाला क्षण म्हणूनच जगणे, हे त्यांचे सार्वभौमत्व होय. मजुराच्या वाइनच्या प्याल्याचे त्यांचे उदाहरण मी अनेकदा वाचले आहे. मजूर आपल्या मजुरीतून प्याला घेतो. काम करण्यास बळ यावे म्हणून तो घेतो असे म्हणता येईल, परंतु कामाच्या सक्तीतून क्षणभर सुटावे ही आशा त्या घोटात असते, आणि तेवढ्या क्षणापुरता तो कोणाचाही दास नसतो. तत्त्वज्ञ अलेक्सांद्र कोजेव यांनी 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये जर्मन तत्त्वज्ञ हेगेलवर दिलेली व्याख्याने बाताय यांनी ऐकली होती आणि त्यांतील स्वामी व दास यांचा संघर्ष येथे सतत जाणवतो. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांच्या 1967 मधील निबंधात हाच धागा पुढे नेलेला आहे. तिसऱ्या भागानंतर तो जरूर वाचावा.

अनुवादाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फ्रेंचमधील ‘देपाँस’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘एक्स्पेंडिचर’ येतो आणि वाक्याला हिशेबाच्या वहीचा वास लागतो. मराठीत मात्र एकाच धातूपासून ‘उधळपट्टी’ हा निंदेचा आणि ‘उधळण’ हा आनंदाचा शब्द तयार झाला आहे. माझ्या समासात हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि बाताय यांचे कित्येक परिच्छेद त्या जोडीमुळेच मला नीट समजले.

तक्रारी दोन आहेत. उधळण्यासाठी लागणारा साठा कोणाच्या श्रमातून उभा राहिला, हा प्रश्न पहिल्या भागात पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी लवकर मागे पडतो. दुसरी तक्रार मार्शल योजनेवरील शेवटच्या प्रकरणाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या योजनेतून अमेरिकेने युरोपाला दिलेल्या मदतीत नफ्याच्या तर्कापलीकडे जाणारे दान पाहण्याची बाताय यांची आशा मला अपुऱ्या पुराव्यावर उभी वाटते. इस्लाम आणि तिबेटवरील प्रकरणे मी एकदाच वाचली. तिबेटमधील अतिरिक्त संपत्ती सैन्याऐवजी मठांकडे कशी वळली, एवढा भाग मात्र मनात राहिला.

दुसऱ्या भागाचे माझे वाचन अजून अर्ध्यावर आहे, म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही. ज्यांना एकच भाग विकत घ्यायचा असेल त्यांनी पहिला घ्यावा. मजुराचा प्याला तिसऱ्या भागात अगदी सुरुवातीलाच आहे, तेवढी पाने ग्रंथालयात बसूनही वाचता येतील.