एकाच भुलीत दोन्ही, की आधी वजन आणि मग हर्निया?

वजन शंभरीच्या पुढे, बेंबीतून किंवा जुन्या व्रणातून गोळा डोकावतोय, आणि सर्जनने ‘वजन कमी करायचं आणि हर्नियाचं, दोन्ही ऑपरेशनं एकदम करू की आधी वजनाचं करू, घरी बोलून सांगा’ म्हणून परत पाठवलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी एकदम करून घेतलं. आमच्या वहिनींनी टप्प्याटप्प्याने केलं. आज दोघंही हिंडतोय-फिरतोय, त्यामुळे कोणाचं चुकलं असं म्हणायची सोय नाही. माझा कल मात्र झाकून राहणार नाही.

माझं वजन होतं 118 किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 42. बेंबीचा हर्निया 2017 मध्ये नुसते टाके घालून शिवला होता, तो दोन वर्षांत परत आला. भोक अडीच सेंटिमीटरचं. वहिनींचं प्रकरण मोठं. दोन सिझेरियन, नंतर गर्भाशय काढलेलं, आणि त्या उभ्या व्रणातून पपईएवढा फुगवटा. जोडीला पंधरा वर्षांचा मधुमेह. म्हणजे ही तुलना अगदी तराजूतली नव्हे, हे आधीच कबूल करतो.

मी जळगावचा, पतसंस्थेच्या काउंटरवर बसतो. हर्निया परत आल्यावर इथल्या सर्जनने सांगितलं, ‘आधी वजन उतरवा, मग भोकावर आधाराची जाळी बसवू,’ आणि पोटाचा पट्टा लिहून दिला. त्यांचं चुकीचं नव्हतं. पोटात दाब जास्त असला की शिवण पुन्हा उसवते, जखम चिघळायचा धोकाही वाढतो. पण वजन काही उतरलं नाही आणि पट्टा मी एकवीस महिने घातला.

त्या पट्ट्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. उभं असताना तो बरा असतो. बसलात की वरची कड बरगड्यांखाली चढते आणि खालची गुंडाळी होऊन जांघेत रुतते. बनियनचे धागे, टॉवेलचा कापूस, पोटावरचे केस असं सगळं वेल्क्रोत अडकतं, आणि महिनाभरात तो नीट चिकटेनासा होतो. दुपारी कॅश जुळवताना, सगळे गप्प असताना, माझ्या पोटाकडून ‘चर्र’ असा आवाज यायचा आणि रांगेतली माणसं वर बघायची. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की पट्ट्याखाली घामोळं. पावडर टाकली की तिचा लगदा. पंगतीला मांडी घालून बसायचं तर मी सरळ उभ्याने वाढायला लागायचो. लोकांना वाटायचं, किती कामसू आहे.

त्यामुळे नाशिकच्या सर्जननी जेव्हा दुसरा पर्याय समजावला, ‘आधी स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन, करू, वर्ष-दीड वर्षाने हर्निया, तोवर पट्टा’, तेव्हा खरं सांगायचं तर मला शेवटचे दोनच शब्द ऐकू आले.

अर्थात, नुसत्या पट्ट्याच्या रागावर ऑपरेशन ठरत नाही. त्यांनी एकदम करायला होकार दिला तो दोन कारणांनी. भोक लहान होतं आणि माझी स्लीव्ह होती. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. वजनाचंच दुसरं ऑपरेशन म्हणजे जठराचा बायपास; त्यात आतडं उघडून जोडावं लागतं, तिथे जंतूंचा शिरकाव झाला आणि जाळी बाधली तर ती काढून टाकायची पाळी येते. म्हणून आपलं नेमकं कोणतं ऑपरेशन आहे, हे आधी विचारा.

एकदम केल्याचा जाच पहिल्या महिन्यात कळतो. जठर केळ्याएवढं उरलेलं, आणि घोट घ्यायचा तो औषधाच्या छोट्या कपाने. नवव्या दिवशी मी ताक जरा घाईने प्यालो. उमासे असे आले की दोन्ही हातांनी उशी बेंबीवर दाबून पलंगाच्या कडेला बसलो आणि आता जाळी सुटली असंच वाटलं. सुटली नव्हती, पण ती दहा मिनिटं मी कोणालाही सुचवणार नाही. ज्याला दमा किंवा जुनाट खोकला आहे त्याने तर दहादा विचार करावा. पट्टा नंतरही होताच, सहा आठवडे. फरक एवढाच की तो कधी सुटणार याची तारीख कॅलेंडरवर होती.

वहिनींचा बायपास झाला. अकरा महिन्यांत 31 किलो उतरलं. हर्नियात चरबीचा पदर बुचासारखा बसला होता, तो सर्जनने मुद्दाम ओढून काढला नाही. गोम अशी की वजन उतरतं तसं हे बूचही बारीक होतं आणि मोकळ्या जागेत आतडं शिरू शकतं. सातव्या महिन्यात एका रात्री त्यांचा फुगवटा दगडासारखा कडक झाला, उलट्या थांबेनात, दादांनी पहाटे तीनला गाडी काढली. डॉक्टरांनी तो हलक्या हाताने आत सारला आणि निभावलं. हे काही त्यांचंच नशीब नव्हे. 2004 मध्ये पिट्सबर्गच्या सर्जननी आपला अनुभव छापला, त्यात हर्निया पुढे ढकललेल्यांपैकी तिघांत एकाहून जास्त जणांना आतड्याची अडवणूक झाली होती. रुग्ण मोजके होते, म्हणून त्या आकड्याने घाबरून जाऊ नका, पण पोट दुखून उलट्या लागल्या तर सकाळची वाट बघू नका.

मात्र त्यांचं दुसरं ऑपरेशन सुरेख झालं. लोंबणारी कातडी त्याच वेळी काढली आणि सैल पडलेले स्नायू ताण न देता जवळ आले. वहिनींचं पोट आता सपाट आहे. माझी बेंबी रिकाम्या पिशवीच्या घडीत बसलीय.

पैशाचं थोडक्यात सांगतो. एकदम केलं की भूल, खोली, रजा एकदाच. विमा मात्र दोन ऑपरेशनांना दोन नियम लावतो. हर्नियाला बहुतेक पॉलिशींत दोन वर्षांची थांबणूक असते, आणि वजनाच्या ऑपरेशनला बीएमआय 40, किंवा गंभीर सहव्याधी असेल तर 35 लागतो. दोन्हींची मंजुरी आधी वेगवेगळी लेखी घ्या.

भोक मोठं असेल, आत आतडं चिकटलेलं असेल, तर वहिनींचाच रस्ता धरा, माझं ऐकू नका. अमेरिकेतल्या वजन-शस्त्रक्रिया आणि हर्निया अशा दोन्ही संघटनांनी 2018 मध्ये मिळून दिलेला सल्लाही साधारण असाच आहे: गुंतागुंतीच्या मोठ्या हर्नियाला आधी वजन, लहान आणि त्रास देणाऱ्याला एकदम चालेल. पण लहान भोक, स्लीव्ह आणि सर्जनचा हात दोन्हींत बसलेला, असं जुळून येत असेल तर केवळ ‘एका वेळी एकच बरं’ म्हणून वर्षभर पट्ट्यात काढू नये, असं मला वाटतं.

एक गोष्ट मला सही करताना कळली. एकदम करायचं ठरलं तरी शेवटचा निर्णय टेबलावर होतो. स्टेपलच्या रेषेतून रक्त आलं, काही शंका वाटली, तर हर्निया तसाच ठेवून बाहेर येणार, हे त्यांनी स्पष्ट लिहून घेतलं होतं. त्यामुळे भूल उतरली तेव्हा नाकात नळी, शेजारी तीन चेंडूंचं श्वास आत ओढायचं यंत्र, बायको काहीतरी विचारतेय, आणि मी सलाईन लावलेला हात चादरीखाली घालून बेंबी चाचपत होतो. पट्टीच्या जाड घडीला बोट लागलं, मग तिला म्हणालो, ‘हां, काय म्हणत होतीस?’