पुरानंतरची पांढरी डबी

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, तेव्हा कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत गुडघाभर पाणी होतं. पाणी ओसरलं, चिखल उपसला, आणि गणपती यायच्या आत माझ्या पायांना चिखल्या झाल्या. करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी, लिबलिबीत, आणि रात्री अशी खाज की चादरीवर पाय घासत बसायचं.

दवाखान्यात गेले नाही. चिखल्यांसाठी कोण जातं? शिवाय पायाला वास येतो, खाज सुटते, हे बोलायचीच चोरी. बाई अस्वच्छ असं लोक धरून चालतात. आरतीला चार घरी जायचं तर मी मोजे घालून जायची, सप्टेंबरात! बोटं आत उकडून निघायची. हे सांगते आहे कारण मला मलम विकणाऱ्या माणसाला माझी हीच लाज कामाला आली.

सोसायटीच्या नाक्यावर त्याने मांडव टाकला होता. ‘पूरग्रस्तांसाठी मोफत पाय-तपासणी.’ पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. पायांना स्टेथोस्कोप कशाला, हे तेव्हा सुचलं नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात पाय बुडवायचे, शेजारी एक यंत्र सोडलेलं. पंधरा मिनिटांत पाणी पिवळट, मग चहासारखं. “जुओ बेन, केटलुं झेर नीकळ्युं!” पुराचं विष म्हणे. आपल्याच पायांतून घाण निघताना दिसल्यावर माणूस वाद घालत नाही. मी त्याच्या मलमाच्या दोन डब्यांचे ₹१,८०० फोनवरून दिले. डबीवर पानाचं चित्र आणि ‘शुद्ध वनौषधी’ एवढंच. बनवणारा कोण, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, काही नाही.

आणि मलम लागू पडलं! खरी मेख इथेच. दोन रात्रींत खाज बंद, लाली गायब. मी इतकी हरखले की दुसरी डबी सासूबाईंना दिली, वरच्या मजल्यावरच्या काकूंना मांडवाकडे पिटाळलं, बहिणीला फोन करून सांगितलं. त्याची बिनपगारी एजंटच झाले म्हणा ना.

मग सुरू झालं चक्र. मलम थांबवलं की खाज दुप्पट, लावलं की गप्प. दिवाळीपर्यंत घोट्यावर आणि जांघेत गोल चट्टे. बडोद्यात ‘दादर’ म्हटलं की मुंबईचं स्टेशन कुणाला आठवत नाही, गजकर्ण आठवतं. तेच ते. माझं एक वेळ ठीक, पण सासूबाईंना मधुमेह. त्यांच्या बोटांमधली चीर चिघळली आणि एका सकाळी पोटरीपर्यंत पाय लाल, गरम, टम्म. वर ताप. चार दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं. ती डबी त्यांना मी दिली होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली, थेंबभर औषध टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. बुरशी. डबी उलटीपालटी करून म्हणाल्या, “दोन दिवसांत खाज गेली ना? मग यात स्टिरॉइड असणार.” स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण बुरशी मरत नाही; कातडीची झुंज थंडावली की ती निवांत पसरते. दुकानात मिळणारी ‘तीन औषधं एकत्र’वाली क्रीमही हाच खेळ करतात. असल्या स्टिरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागते म्हणे. आमच्याकडे काउंटरवर ती कुणी मागितलेली मी तरी पाहिली नाही.

मलम बंद केल्यावर आठवडाभर खाज अशी भडकली की डबी परत काढावीशी वाटली. नंतर निव्वळ बुरशीचं औषध, चट्टे दिसेनासे झाल्यावरही लावत राहायचं. बोटांच्या फटी टिपून कोरड्या करायच्या. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. चार महिने गेले.

टबाचं कोडं नववीतल्या भाच्याने सोडवलं. पेलाभर मिठाच्या पाण्यात दोन लोखंडी खिळे, नऊ व्होल्टची बॅटरी. पाय कुणाचेच नाहीत. पाणी हिरवट झालं, मग गढूळ तांबडं. गंज होता तो, निव्वळ गंज. मी तोंडात मारल्यासारखी बघत बसले.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी पावती विचारली. माझ्याजवळ फोनवरच्या व्यवहाराची नोंद तेवढी, तीही भलत्याच नावाची, आणि मांडव तर विसर्जनाआधीच उठलेला. नोंद आणि डबीचा फोटो औषध खात्याच्या कचेरीत देऊन आले. पैसे गेले ते गेले.

वरच्या काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला. मी निघाले तेव्हा दारात हळूच म्हणाल्या, “तुझ्या डबीत थोडं उरलं असेल तर टाकू नकोस गं. दोन रात्री झोप तरी लागते.”