हेडलाइटची काच उजळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

नागपुरात वर्धा रोडवर एका पेट्रोल पंपाबाहेर टेबल मांडून उभ्या असलेल्या विक्रेत्यामुळे माझे एकूण १७,३०० रुपये गेले. त्यातले १,८५० रुपये हेडलाइट उजळवण्याच्या किटचे, ६५० रुपये नंतर मागवायला लावलेल्या दुसऱ्या बाटलीचे आणि १४,८०० रुपये त्या बाटलीने कायमचे खराब केलेले दोन्ही हेडलाइट बदलण्याचे. ‘नॅनो’ तंत्रज्ञान, आजच्यापुरती सवलत, दोन वर्षांची हमी ही सगळी बडबड वाचकांना परिचितच असेल, त्यामुळे ती इथे उतरवत नाही.

पण हा लोभापायी फसला, असे कोणी म्हणू नये. माझे वडील उमरेडला राहतात आणि त्यांच्या प्रकृतीमुळे मला अनेकदा रात्रीच तिकडे निघावे लागते. कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असलेल्या त्या रस्त्यावर पिवळ्या काचांमधून पडणारा अंधूक उजेड धोक्याचा होता. शोरूमने दोन नव्या हेडलाइटचे १४,८०० रुपये सांगितल्यावर आधी १,८५० रुपयांत काम होते का हे पाहणे, यात गैर काय होते?

ज्या क्षणी हे सारे थांबायला हवे होते, तो क्षण मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. विक्रेत्याने माझ्याच गाडीच्या डाव्या काचेचा अर्धा भाग त्या द्रवाने पुसला, तो भाग लख्ख दिसू लागला, आणि त्याने ज्या पांढऱ्या फडक्याने पुसले ते फडके पांढरेच राहिले. ते फडके माझ्या हातात होते! आपण जिला काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असते आणि अतिनील किरणांपासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण लेप दिलेला असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या शहरात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा लेप उन्हाने कुजतो, तडकतो, पिवळा पडतो. तो पुसून निघणारा मळ नव्हे. तो घासूनच काढावा लागतो, आणि घासताना पिवळसर दुधाळ पाणी ओघळते. फडके स्वच्छ राहिले याचा अर्थ काहीही निघाले नव्हते, फक्त सूक्ष्म चरांमध्ये तेलकट द्रव भरला गेला होता. पावसात ओली झालेली धुरकट काचही अशीच स्वच्छ दिसते. म्हणून सांगतो, कोणी प्रात्यक्षिक दाखवले तर तीच काच साबणाच्या पाण्याने धुवायला लावा, कोरडी होऊ द्या आणि मगच पाकिटाला हात घाला.

गाडी धुतल्यावर पिवळेपणा परतला. फोन केला तेव्हा तोच विक्रेता अत्यंत आदराने म्हणाला, “सर, तुमचा लेप जुना आहे, त्याला वाफेची प्रक्रिया लागते,” आणि ६५० रुपये वेगळ्याच नावाच्या यूपीआय खात्यावर घेतले. पैसे घेणाऱ्याचे नाव बदलले की व्यवहार तिथेच थांबवा. आलेल्या बाटलीवर उत्पादकाचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, घटकांची यादी नव्हती. सोबतच्या कपात द्रव गरम करून वाफ काचेवर फिरवायची होती. वास गोडसर होता आणि मला गरगरू लागले. अशा वाफेच्या किटमध्ये सहसा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखे विषारी द्रावक वापरतात. ते प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवून गुळगुळीत करतात, म्हणून काच क्षणात चमकते. पुढे त्याच प्लॅस्टिकमध्ये बारीक भेगांचे जाळे पसरते. माझ्या दोन्ही काचांवर ते पसरले, आणि अशा भेगा घासून जात नाहीत.

यानंतर जे अनुभवले त्याचा संताप फसवणुकीहून मोठा आहे. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की वस्तू मिळाली आहे, तेव्हा हा ग्राहकाचा वाद आहे. सायबर तक्रार घेणाऱ्यांनी, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले, असे म्हणून विषय संपवला. बँकेने तेच वाक्य इंग्रजीत लिहून पाठवले. ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता मागितला गेला. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे अथवा वेष्टन करणाऱ्याचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक आहे; तो नाही, हीच माझी तक्रार होती, आणि पत्ता नाही म्हणून तीच तक्रार पुढे सरकत नव्हती! ज्या फोन क्रमांकावरून तो माणूस बोलत होता आणि ज्या खात्यांत पैसे गेले, ते दोन्ही माझ्याकडे लेखी आहेत. त्यावरून मालक शोधणे मला शक्य नाही, यंत्रणेला आहे; तरीही प्रत्येक टेबलावर मलाच विचारले गेले की तो राहतो कुठे.

ज्यांना घरीच काम करायचे आहे त्यांनी आधी धुरकटपणा बाहेरून आहे की आतून, हे पाहावे. आतून असेल तर बाहेरून घासण्यात अर्थ नाही. बाहेरून असेल तर भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा, भरपूर पाणी घेऊन ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००, मग ३००० असे क्रमाने घासा आणि शेवटी कंपाऊंडने पॉलिश करा. त्यावर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे, नाहीतर उघडे पडलेले प्लॅस्टिक आधीपेक्षा लवकर पिवळे पडते. टूथपेस्टने घासून आलेली चमकही टिकत नाही. वाफेचा कप कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. मी बाटली, कप, यूपीआयच्या दोन्ही पावत्या आणि भेगाळलेल्या काचांची छायाचित्रे जपून ठेवली आहेत. वर्धा रोडवर अशाच टेबलावरून ज्यांनी हे किट घेतले असेल, त्यांनी रिकामी बाटलीसुद्धा फेकू नये आणि पैसे कोणत्या नावावर गेले ते आजच तपासून लिहून ठेवावे.